पोटात पाणी का साठते?

चकलांब्यातले एक घर डोळ्यांपुढे आणा. दिवाळी झाली आहे. ऊसतोडीच्या टोळ्या गावातून निघाल्या आहेत. पण या घरचा कारभारी यंदा तोडीला गेलेला नाही. तो ओसरीवर भिंतीला टेकून बसला आहे. हातपाय काडीसारखे वाळले आहेत. पोट मात्र माठासारखे फुगले आहे. पायावर बोट दाबले की खळगा पडतो आणि तसाच राहतो. लघवी थोडी होते, तीही गडद पिवळी.

घरचे लोक जिवापाड झटत आहेत. बायको म्हणते, “पोटात पाणी झालंय, म्हणून आठ दिस झाले पाणी तोडलंय. दोन घोटच देते. तरी पोट वाढतंच हाय.” जेवण जात नाही म्हणून ती भाकरीबरोबर ठेचा आणि लोणचे देते. कंबर दुखते म्हणून थोरला मुलगा दुकानातून दुखण्याची गोळी आणतो. शेजारची म्हातारी सांगते, “लघवी व्हईना, म्हंजी किडनी गेली.”

या घरात माया पुष्कळ आहे. पण तीन गोष्टी उलट्या चालल्या आहेत. पाणी तोडायचे नव्हते, ते तोडले. मीठ कमी करायचे होते, ते वाढवले. दुखण्याची गोळी द्यायची नव्हती, ती दिली. आणि जी किडनी गेली म्हणतात, ती बहुधा गेलेली नाही. ती फसली आहे. कशी फसली, ते आज आपण समजून घेऊ.

यकृत कठीण होते

उजव्या बाजूच्या बरगड्यांखाली यकृत असते. त्यालाच आपण लिव्हर म्हणतो. बोकडाची कलेजी पाहिली असेल. माणसाचे तेच यकृत. मोठ्या माणसाचे यकृत सव्वा ते दीड किलो भरते. आतड्यांतले रक्त एका मोठ्या शिरेने आधी यकृतात येते. तिथे त्यातले अन्न साठवले जाते आणि विष मारले जाते. मग ते रक्त हृदयाकडे जाते.

चांगले यकृत मऊ असते. नांगरलेल्या काळ्या रानासारखे. पाणी आले की जिरते. पण त्याला वर्षानुवर्षे मार बसत गेला, की आत जखमांचे वण तयार होतात. वणांनी यकृत आकसते, कठीण होते, गाठीगाठींचे होते. काळ्या रानाचा मुरमाड माळ व्हावा तसे. मग रक्त त्यातून सहज जाईना. या आजाराला डॉक्टर सिऱ्हॉसिस म्हणतात.

दारू हे याचे मोठे कारण आहे. पण ते एकच कारण नव्हे. बी आणि सी या जातींची कावीळ अंगात मुरली तरी असे होते. मधुमेह आणि लठ्ठपणा यांमुळे यकृतात चरबी साठली तरी होते. एके काळी तर हा रोग तान्ह्या बाळांनाही होई. १९८० नंतरच्या काळात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडमधल्या डॉक्टरांबरोबर त्याचा शोध घेतला. तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलेले व ठेवलेले दूध बाळांना पाजले जात होते. दुधात तांबे उतरत होते आणि ते यकृतात साठत होते. पुढे घरोघरी स्टीलची भांडी आली, आणि तो रोग फार क्वचित दिसू लागला. त्या बाळांनी काही दारू घेतली नव्हती. म्हणून पोट फुगलेला माणूस दिसला की त्याला दारुड्या म्हणू नये. आणि दारूने आजारी पडला असेल, तरी तो आपलाच माणूस आहे.

मूत्रपिंडांचे रोजचे काम

आता मूत्रपिंडांकडे वळू. त्यांनाच आपण किडनी म्हणतो. ती दोन असतात. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, मुठीएवढी.

त्यांचे काम ऐकाल तर तोंडात बोट घालाल. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी ती रक्तातून गाळून घेतात. त्या पाण्याबरोबर सुमारे दीड किलो मीठ येते. हे सगळे बाहेर गेले तर माणूस एका दिवसात मरेल. म्हणून ती जवळजवळ सगळे पाणी आणि सगळे मीठ परत रक्तात घालतात. बाहेर जाते ते दीडएक लिटर लघवी आणि त्यात थोडे मीठ. किती थोडे? आपण जेवढे खाल्ले, साधारण तेवढेच. आज दहा ग्रॅम खाल्ले, तर दहाच्या आसपास बाहेर. पाच खाल्ले, तर पाच. असा चोख हिशेब दुसरा कोणी ठेवत नाही.

मीठ दोन वस्तूंचे बनलेले असते. त्यातली एक सोडियम. पाच ग्रॅम मिठात दोन ग्रॅम सोडियम असते. हा शब्द लक्षात ठेवा. औषधाच्या कागदावर आणि रक्ताच्या तपासणीत तो येतो.

सोडियमचा एक स्वभाव आहे. ते जिथे जाते, तिथे पाण्याला ओढून नेते. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवा. थोड्या वेळाने पाहा. फोडींना पाणी सुटलेले असते. ते पाणी मिठाने ओढून काढले. अंगातही असेच होते. मीठ अंगात अडकले, की पाणी त्याच्या मागोमाग अडकते.

खोटी वर्दी

यकृत कठीण झाले म्हणजे मूत्रपिंडांचा हा हिशेब का बिघडतो? यकृत एकीकडे, मूत्रपिंडे दुसरीकडे. त्यांचा संबंध काय?

एक उदाहरण घेऊ. पैठणच्या नाथसागरातून निघालेला उजवा कालवा आपल्या गेवराई तालुक्यातून पुढे जातो. समजा, कालव्याच्या वरच्या भागातल्या चाऱ्या फुटल्या. सगळे पाणी तिकडेच पसरले. धरणात पाणी आहे. कालव्यातही पाणी सोडले आहे. पण शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याकडे थेंब पोचत नाही. तो काय म्हणेल? “धरण आटलं!” तो खोटे बोलत नाही. त्याच्या बांधावरून त्याला तसेच दिसते.

शरीरात हेच घडते. कठीण यकृतापाशी रक्त अडते. त्या ताणामुळे आतड्यांच्या रक्तवाहिन्यांत काही द्रव्ये तयार होतात. त्यांनी त्या वाहिन्या सैल पडतात, रुंद होतात. पुष्कळ रक्त तिथेच पसरून राहते. बाकीच्या अंगाला दाब कमी पडतो.

आपल्या मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब ओळखणारे पहारेकरी असतात. त्यांना दाब कमी दिसतो. ते ओरड करतात, “रक्त आटलं! पाणी वाचवा, मीठ वाचवा!”

ही वर्दी तीन वाटांनी मूत्रपिंडांकडे जाते. पहिली वाट मज्जातंतूंची. दुसरी वाट अल्डोस्टेरॉन नावाच्या द्रव्याची. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात, त्या हे द्रव्य सोडतात. त्याचा निरोप एकच असतो, मीठ सोडू नका. तिसरी वाट मेंदूची. मेंदू एक द्रव्य धाडून सांगतो, पाणी सोडू नका.

१९७२ साली मराठवाड्यात मोठा दुष्काळ पडला होता. त्या वेळच्या बायाबापड्यांनी पाण्याचा थेंब थेंब राखला. भांडी घासलेले पाणीही टाकले नाही. त्यांनी शहाणपणाच केला. मूत्रपिंडेही तसाच शहाणपणा करतात. अंगात दुष्काळ पडला असे समजून ती मिठाचा कण कण राखतात. फक्त दुष्काळ पडलेलाच नसतो. वर्दी खोटी असते.

बरे, राखलेल्या मीठपाण्याने तरी दाब भरून निघावा. तसेही होत नाही. यकृतापाशी ताण असल्यामुळे ते पाणी यकृताच्या आणि आतड्यांच्या अंगातून पाझरते आणि पोटाच्या पोकळीत साठते. यालाच जलोदर म्हणतात. फुटक्या घागरीत पाणी ओतण्यासारखे हे आहे. घागर भरत नाही, म्हणून पहारेकरी ओरडायचे थांबत नाहीत. ते थांबत नाहीत, म्हणून मूत्रपिंडे मीठ सोडत नाहीत.

मूत्रपिंडांचा दोष नाही

यात मूत्रपिंडांचा दोष नाही, हे कशावरून? १९६९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचा पुरावाच दिला. यकृताच्या आजाराने काही माणसे वारली होती. शेवटी शेवटी त्यांची मूत्रपिंडेही बंद पडली होती. ती मूत्रपिंडे काढून दुसऱ्या रोग्यांना बसवली. त्या रोग्यांची यकृते चांगली होती. तर काय! तीच मूत्रपिंडे नव्या अंगात काम करू लागली. म्हणजे ती मेलेली नव्हती. वाईट मालकाच्या हुकुमात अडकलेली होती.

पण याचा अर्थ त्यांची काळजी करू नये, असा नव्हे. खोटी वर्दी फार दिवस चालली, की मूत्रपिंडांच्या स्वतःच्या रक्तवाहिन्याही आवळतात. लघवी बंद होऊ लागते. मग जीव वाचवणे कठीण जाते. म्हणून आधीच जागे व्हावे.

मिठाचा साधा हिशेब

आता पाटी घ्या आणि हा हिशेब मांडा.

पोटातल्या एक लिटर पाण्यात सुमारे आठ ग्रॅम मीठ असते. जलोदराचा रोगी लघवीवाटे दिवसाला एक ग्रॅमही मीठ टाकत नाही, असे पुष्कळदा असते. तो रोज नऊ ग्रॅम मीठ खातो असे धरू. आपल्याकडे इतके मीठ सहज खाल्ले जाते. नवातून एक वजा केला, राहिले आठ. म्हणजे रोज एक लिटर पाणी पोटात वाढले. आठवड्यात सात लिटर. अर्धी घागर!

त्याने पाणी कमी प्यायले तर? मीठ आतच आहे. ते तहान लावते, पाणी धरून ठेवते. रोगी फक्त तळमळतो. म्हणून दार लावायचे ते मिठाचे, पाण्याचे नव्हे.

पण मीठ पाच ग्रॅमवर आणले तरी चार ग्रॅम उरतेच. म्हणून नुसत्या पथ्याने बहुतेकांना पुरत नाही. औषध लागते. स्पायरोनोलॅक्टोन नावाची गोळी अल्डोस्टेरॉनचा निरोप मूत्रपिंडांपर्यंत पोचू देत नाही. खोटी वर्दी वाटेतच अडते आणि मीठ लघवीतून जाऊ लागते. तिच्या जोडीला फ्युरोसेमाइड नावाची गोळीही देतात. या गोळ्या किती घ्यायच्या ते डॉक्टरच ठरवतात, कारण मधून मधून रक्त तपासावे लागते. पुरुषांची छाती या गोळीने कधी कधी दुखते व सुजते. तसे झाले तर लाजू नये, आपल्या मनाने गोळी बंदही करू नये. डॉक्टरांना सांगावे.

घरात काय करावे?

एक. रोग्याला दिवसाचे मीठ पाच ग्रॅम. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, दिवसभराच्या सगळ्या जेवणांत मिळून. घरची भाजी-आमटी आधी बिनमिठाची करावी. रोग्याची वाटी काढून घ्यावी. मग बाकीच्यात मीठ टाकावे. सकाळीच एक चमचा मीठ लहान डबीत काढून ठेवावे. रोग्याने त्यातूनच घ्यावे. डबी रिकामी झाली, की उद्यापर्यंत मीठ नाही. बाजारचे खारट खाल्ले, तर तेवढे डबीतून कमी करावे.

दोन. लपलेले मीठ ओळखावे. पापड, लोणचे, कुरडई, खारे शेंगदाणे, फरसाण, सुकट, पाव आणि बिस्किटे यांत मीठ असते. भजी-ढोकळ्यातला खाण्याचा सोडा हेही सोडियमच. पोटातल्या वाऱ्यासाठी घेतात त्या फेसाळणाऱ्या पुडीतही तेच. “आम्ही साधं मीठ सोडलं, शेंदेलोण खातो,” असे पुष्कळ जण सांगतात. शेंदेलोण आणि काळे मीठ हे मीठच आहे. रंग बदलला म्हणून गुण बदलत नाही. कमी सोडियमचे म्हणून जे मीठ विकतात, त्यात पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याच्या रक्तात पोटॅशियम आधीच वाढू शकते. त्यात हे मीठ आले, तर हृदयाला धोका होतो. ते घेऊ नये.

तीन. रोग्याला उपाशी ठेवू नये. मिठाच्या धाकाने जेवणच सुटले, तर मीठ खाण्यापेक्षा ते वाईट. ज्वारी-बाजरीची भाकरी बिनमिठाची चांगली लागते. चवीला लिंबू, चिंच, लसूण, जिरे, कोथिंबीर वापरावी. जवस-कारळाची चटणी मीठ न घालता करावी. डाळ, दूध, अंडी, भाजलेले बिनमिठाचे शेंगदाणे द्यावेत. हातपाय वाळतात ते पोषण तुटल्यामुळे. रात्री निजताना थोडे खायला द्यावे.

चार. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय पाणी तोडू नये.

पाच. रक्ताच्या कागदावर “सोडियम कमी” असे आले, तर मीठ वाढवू नये. इथे शहाणी माणसेही फसतात. वरणात पाणी जास्त झाले तर ते अळणी लागते. मीठ टाकले होते तेवढेच आहे, पाणी वाढले आहे. रोग्याच्या रक्ताचे तसेच असते. अंगात मीठ पुष्कळ असते, पाणी त्याहून जास्त साठलेले असते. म्हणून आकडा कमी दिसतो. अशा वेळी गोळ्या थांबवायच्या का, पाणी कमी करायचे का, ते डॉक्टर सांगतील.

सहा. दुखण्याच्या गोळ्या आणि सुया आपल्या मनाने घेऊ नयेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही त्यांची नावे. पाकिटावरचे नाव वाचावे. आवळलेल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवायला मूत्रपिंडे स्वतः एक द्रव्य बनवतात. या गोळ्या ते द्रव्यच बंद करतात. मग लघवी आणखी कमी होते. ऊसतोडीवर अंग ठणकते, म्हणून या गोळ्या रोज घेणारे पुष्कळ आहेत. यकृताच्या रोग्याला त्या घातक आहेत.

सात. दारू पूर्ण सोडावी. थोडीही नको. यकृताला विसावा मिळाला, की काही रोग्यांची मूत्रपिंडे पुन्हा मीठ सोडू लागतात, आणि पोट उतरते. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली, तर कापरे भरते, झटकेही येतात. म्हणून डॉक्टरांना सांगून सोडावी.

आठ. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी वजन करावे. पायांना सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वजन उतरू नये. सूज असेल तर एक किलोपर्यंत चालते. फार भराभर उतरले तरी मूत्रपिंडांना इजा होते.

सुईने पाणी काढायला भिऊ नये

पोट फार ताणले, श्वास लागू लागला, की डॉक्टर सुईने पाणी काढतात. “पानी काढलं की मानूस जातो,” असे म्हणून काही जण नकार देतात. ही भीती सोडावी. पाच लिटरपेक्षा जास्त पाणी काढले, तर शिरेतून अल्ब्युमिन नावाचे द्रव्य देतात. ते दाब सांभाळते, म्हणजे पहारेकरी पुन्हा ओरडत नाहीत. मात्र पाणी काढल्यावर मीठ मोकळे सोडले, तर पोट पुन्हा भरते.

पोटात पाणी होणे हे यकृत फार बिघडल्याचे चिन्ह आहे. हा आजार दडवू नये. गेवराई, बीड किंवा अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. ताप आला, पोट दुखू लागले, रक्ताची उलटी झाली, शौच डांबरासारखे काळे झाले, रोगी बरळू लागला, दिवसा झोपून रात्री जागू लागला किंवा लघवी फार कमी झाली, तर वाट पाहू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता त्या ओसरीवर पुन्हा जाऊ. कारभारणीने चुलीजवळ लहान डबी ठेवली आहे. कारभाऱ्याच्या हाताशी पाण्याचा तांब्या आहे. खुंटीला एक वही टांगली आहे. वहीत रोज तीन गोष्टी लिहायच्या आहेत: तारीख, वजन आणि कोणत्या गोळ्या घेतल्या. ती नुकती लिहायला शिकली आहे. अक्षर वाकडेतिकडे येते. येऊ द्या. डॉक्टर ती वही वाचतील, आणि औषध किती द्यायचे ते त्यावरून ठरवतील. शिकलेल्या अक्षराचा याहून मोठा उपयोग कोणता?